कडेचे दोन मीटर

डिसेंबर २०१७मध्ये पुण्यात सायकलीच्या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. विद्यापीठाचं आवार आणि औंध इथे भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, नाममात्र भाडं भरायचं आणि काम झालं की सायकल सोडून द्यायची. त्याच महिन्यात महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं त्यात आखलेलं होतं.

सायकली लगेच आल्या. झूमकारच्या ‘पेडल’, पिवळ्या ओफो, केशरी मोबाइक, निळ्या युलू. कॉलेजची मुलंमुली हौसेने त्या फिरवू लागली. बसथांब्यापासून घरापर्यंतचं अंतर तोडायला नोकरदारही त्या वापरू लागले. मग ओफोने २०१८मध्येच भारतातून गाशा गुंडाळला, पुढच्या वर्षी मोबाइकही गेली आणि मोडक्या सायकली पदपथांवर पडून राहिल्या. उसन्या भांडवलावर पसरलेल्या या कंपन्या तेव्हा जगभरातूनच माघार घेत होत्या, त्यामुळे सगळा दोष पुण्याच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण एक गोष्ट पुण्याचीच होती. सायकल आधी आली आणि तिची वाट मागे राहिली. त्या काळात जे नव्याने सायकलवर बसले त्यांना पीएमपीच्या बसच्या मागच्या चाकाला खेटून जावं लागलं. काही दिवस त्यांनी ते सोसलं, मग स्कूटरची किल्ली पुन्हा हातात घेतली.

शहराच्या मध्यवस्तीत, गर्दीच्या रस्त्यावर सुरक्षित सायकल मार्ग करता येतो का, हा प्रश्न आता अभियंत्यांपुढे फारसा उरलेला नाही. तो कसा करायचा हे जगाला गेल्या पन्नास वर्षांत नीट कळलेलं आहे. उरला आहे तो रस्त्याच्या कडेच्या दोन मीटर पट्टीचा प्रश्न. त्या पट्टीवर दिवसभर उभ्या असणाऱ्या गाडीचा हक्क मोठा, की तिच्यावरून जाऊ पाहणाऱ्या माणसाचा? पुण्याने हा प्रश्न स्वतःला कधी सरळ विचारला नाही, असं मला वाटतं. बाकीचे सगळे प्रश्न विचारून झाले.

*

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, हे आता आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायची गोष्ट झाली आहे. सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला की पोलीस अडवत, डबलसीट दिसलं की दंड होई. प्राध्यापक, कारकून, कामगार, शाळेतली मुलं, सगळे त्याच एका वाहनावर. आठवणींत रमायला हे छान आहे, पण त्यातला खरा धडा वेगळा आहे. त्या काळात पुण्यात सायकल मार्ग नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती, कारण रस्त्यावरची बहुसंख्य वाहनंच सायकलच्या वेगाने चालत होती. साठच्या दशकात आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर येऊ लागल्या, १९७२मध्ये कायनेटिकची लूना आली. ती विकत घेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शहर कोथरूड, हडपसर, धनकवडीकडे पसरत होतं, घर आणि कामाची जागा यांतलं अंतर वाढत होतं आणि बस पुरेशा नव्हत्या. लूनाने त्या माणसाची सोय केली. २०१८च्या सुमाराला शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली.

या सगळ्यात सायकल रस्त्यावरून संपली असं आपण समजून चालतो. तसं नाही. सकाळी सहा ते आठ या वेळात लक्ष्मी रोड किंवा बाजीराव रोडच्या कुठल्याही चौकात उभं राहून पाहावं. रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, कॅरिअरला डबा बांधलेले. हँडलला ब्रश आणि डबे अडकवून निघालेले रंगारी. वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेतलेली पोरं. मागे स्टीलचा डबा लावून भोंपू वाजवत जाणारा इडलीवाला, थर्मास टांगलेला चहावाला, सायकलवरच सहाणेचं चाक बसवलेला धारवाला. आठ वाजले की मोटारी वाढतात आणि ही माणसं गर्दीत दिसेनाशी होतात. पण ती तिथेच असतात, डाव्या कडेला, उभ्या गाड्या आणि धावत्या गाड्या यांच्यामधल्या फटीत. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसं जाता असं विचारलं गेलं, तेव्हा देशभरात साधारण १३ टक्क्यांनी सायकल सांगितली होती. मोटारीचा वाटा त्याहून कितीतरी कमी होता.

सायकल मार्गाची चर्चा निघाली की हेल्मेट घालून रविवारी सिंहगडाकडे निघालेला सायकलपटू डोळ्यांपुढे येतो. त्याची सायकल महाग असते, त्याचं म्हणणं मांडायला त्याच्याकडे भाषा आणि वेळ असतो, म्हणून बैठकांना तोच येतो. रंगाऱ्याला बैठकीला बोलावलं जात नाही. माझ्या मते आराखड्यांची पहिली चूक इथे होते. हौशी माणसाला लांब, सलग, निसर्गरम्य मार्ग हवा असतो. कामावर जाणाऱ्याला मंडईपासून स्वारगेटपर्यंत जिवंत पोचायचं असतं.

जिवंत हा शब्द मी विचार करूनच वापरला आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची, पायी चालणारी आणि सायकलवरची माणसं एकत्र धरली तर जवळजवळ दोन तृतीयांश होतात. म्हणजे ज्यांच्याभोवती पत्र्याचा पिंजरा नाही ती. आणि इथे वेगाचं गणित निर्दय आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ३० किलोमीटरची गाडी ५०वर गेली की वेग दीडपटीहून थोडाच अधिक होतो, पण धडकेची ऊर्जा पावणेतीनपटीहून जास्त होते. सायकलस्वाराच्या अंगावर तेवढा मार झेलायला कातडीशिवाय काही नसतं.

*

पुण्यात सायकल मार्ग झालेच नाहीत असं म्हणणं चुकीचं आहे. झाले, आणि बऱ्यापैकी पैसा लावून झाले. २००५मध्ये केंद्राचं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आलं, २००६मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्ते वाहनं हलवण्यासाठी नसून माणसं हलवण्यासाठी आहेत, हे त्या धोरणाने स्पष्ट शब्दांत मान्य केलं. डिसेंबर २००६मध्ये स्वारगेट ते कात्रज या सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाली, देशातला तो पहिला प्रयोग. मधून बस, कडेने सायकल आणि पादचारी, अशी त्या रस्त्याची मांडणी होती. पुढे इतर रस्त्यांवरही पट्टे आले.

यातले बरेचसे पट्टे मी पायी आणि सायकलने पाहिले आहेत. त्यांचे दोष जागोजागी तेच आहेत आणि ते बारीक दिसले तरी त्यातल्या प्रत्येकाने मार्ग निकामी केला आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिला दोष पायाखालचा. पट्टा पदपथाच्या पातळीवर आणि पेव्हर ब्लॉकचा. ब्लॉक बसवणं सोपं, उखडून खालची केबल दुरुस्त करणं सोपं, म्हणून ते सगळ्यांच्या सोयीचे; फक्त सायकलच्या चाकाच्या गैरसोयीचे. दर चार इंचांवर एक सांधा येतो. दोन पावसाळ्यांत काही ब्लॉक खचतात, चेंबरचं झाकण एक तर वर राहतं नाहीतर खाली जातं. शेजारी गुळगुळीत डांबर दिसत असताना माणूस या खडखडाटावरून जाणार नाही, कितीही समजावलं तरी. नेदरलँड्समध्ये सायकल मार्ग गुळगुळीत डांबराचे करण्यावर भर असतो, लाल रंगाच्या, कारण सायकल चालवणाऱ्याची ताकद त्याच्याच पायांतून येते.

दुसरा दोष, सोसायटीचं फाटक. प्रत्येक फाटकापाशी पट्टा खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणजे मोटारीला उंचवटा लागू नये. शंभर मीटरांत पाच फाटकं असली तर सायकलस्वाराने पाच वेळा उतरायचं, पाच वेळा चढायचं. उलट करता येतं. पट्टा सपाट ठेवायचा आणि मोटारीने चढून, वेग कमी करून आत जायचं. खर्च तेवढाच. कोणी चढायचं एवढंच ठरवायचं असतं.

तिसरा, बसथांबा. थांब्याचा मांडव बहुतेक ठिकाणी नेमका सायकल पट्ट्यावरच उभा असतो. बस आली की उतरणारी माणसं पट्ट्यावर, नाही आली की वाट पाहणारी माणसं पट्ट्यावर. थांबा रस्त्याच्या बाजूला बेटासारखा काढून सायकल मार्ग त्याच्या मागून न्यायचा, हा उपाय कित्येक शहरांत वापरला गेला आहे. जागा दोन-अडीच मीटर जास्त लागते, पण तीही उभ्या मोटारींच्या ओळीतूनच मिळू शकते.

पण हे तिन्ही दोष एका बाजूला आणि चौक एका बाजूला. सायकलवाल्याला विचारावं की बाबा, इथे पट्टा आहे, तू रस्त्यावरून का चाललास? उत्तर बहुतेक एकच मिळतं: पुढे तो संपतो. आणि तो कुठे संपतो? चौकाच्या अलीकडे तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, तिथे मार्ग हात सोडतो. दोन चौकांमधल्या सरळ रस्त्यावर सायकलस्वाराला तसा कमी धोका असतो, सगळे एका दिशेने जात असतात. चौकात त्याच्या वाटेत डावीकडे वळणारी वाहनं आडवी येतात. आपल्याकडे तर ‘फ्री लेफ्ट’, लाल दिव्यातही डावीकडे वळायची मुभा, आणि त्या वळणाचा कोपरा इतका गोल केलेला की वेग कमी करायची गरजच पडू नये. सरळ जाणारा सायकलवाला डाव्या कडेला. बस त्याच्या उजवीकडून पुढे येते आणि डावीकडे वळते. चालकाला तो आरशात दिसत नाही.

याचं उत्तर डच अभियंत्यांनी फार साधं काढलं आहे. चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं बेट बांधायचं. त्यामुळे वळण काटकोनी होतं आणि गाडीला वेग उतरवावाच लागतो. सायकल ओलांडायची जागा चौकापासून एका मोटारीच्या लांबीइतकी मागे घ्यायची, म्हणजे वळणारी गाडी सायकलशी जवळजवळ काटकोनात येते आणि चालकाला सायकलस्वार आरशात नाही तर समोरच्या काचेतून दिसतो. सायकलींची थांबायची रेघ मोटारींच्या पुढे ठेवायची. मोठ्या चौकात सायकलींना आणि पादचाऱ्यांना काही सेकंद आधी हिरवा दिवा द्यायचा. या चार गोष्टींत ना जमीन घ्यावी लागते ना उड्डाणपूल बांधावा लागतो. फ्री लेफ्ट मात्र बंद करावा लागतो. वाहतूक पोलिसांना ते नको असतं, कारण रांग लांबते. रांग खरोखरच लांबते; ते लपवण्यात अर्थ नाही.

‘परिसर’सारख्या पुण्यातल्या संस्थांनी हे मार्ग पाहून, मोजून, त्यांतली तुटलेली जागा न् जागा दाखवून दिली आहे. सायकल आराखडा होण्याच्या किती तरी आधीपासून. जंगली महाराज रस्त्याची नवी रचना २०१७च्या सुमारास झाली तेव्हा त्यातलं बरंचसं ऐकलं गेलं. पदपथ रुंद झाले, झाडांभोवती बाकं आली, म्हातारी माणसं आणि मुलं तिथे बसलेली दिसू लागली. पादचाऱ्यांसाठी तो रस्ता महाराष्ट्रात नमुना म्हणून दाखवावा इतका चांगला झाला. सायकलींसाठी मात्र तो अर्धाच झाला, कारण सायकल पट्टा पदपथाच्या पातळीवरच राहिला आणि संध्याकाळच्या गर्दीत चालणारी माणसं साहजिकच त्यावर आली. त्यांना दोष कसा देणार? पादचारी आणि सायकलस्वार या दोन दुबळ्यांना एकाच अरुंद जागेत घालून त्यांच्यात भांडण लावणं हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय आहे. मोटारीकडून काही मागायचं नाही असं आधीच ठरलं की असंच होतं.

*

आता ते दोन मीटर.

रस्त्याच्या कडेला समांतर उभी केलेली मोटार साधारण दोन ते सव्वादोन मीटर रुंदी खाते. एका दिशेच्या सायकल मार्गाला दोन मीटर मोकळी रुंदी लागते, म्हणजे एक सायकलवाला दुसऱ्याला मागे टाकू शकतो आणि दूधवाल्याचे कॅनही मावतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. शहरांत सायकल मार्गाला जागा नाही असं म्हणतात तेव्हा खरं तर जागा असते, तिच्यावर कोणीतरी उभं असतं.

पेठांमध्ये ही जागा कशी वापरली जाते ते पाहावं. सम-विषम तारखांचं पी-१, पी-२ पार्किंग, म्हणजे आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. दुकानांपुढे दुचाकींची आडवी रांग. सकाळी दुकानं उघडायच्या वेळी थांबून पाहिलं तर या रांगेतल्या पुष्कळ गाड्या गिऱ्हाइकांच्या नसून दुकानांत काम करणाऱ्यांच्याच असतात आणि रात्री शटर खाली येईपर्यंत हलत नाहीत. मार्च २०१८मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे घ्यायचे, गर्दीच्या जागी जास्त घ्यायचे. जोरदार विरोध झाला, दर उतरवले गेले, पाच रस्त्यांपुरतं आधी करून पाहू असं ठरलं आणि ते तिथेच अडकलं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची काही वर्षं कारभार प्रशासकांकडे गेला. तेव्हाही ते फारसं पुढे सरकलं नाही.

व्यापाऱ्यांची भीती मी खोटी मानत नाही. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानदाराला मॉलशी आणि घरपोच विक्रीशी एकाच वेळी लढावं लागतं आहे. दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक जाईल ही धास्ती त्याला असणारच. पण गिऱ्हाईक कसं येतं याचा त्याचा अंदाज बहुधा चुकतो. बर्लिनमधल्या दोन बाजाररस्त्यांवर झालेल्या एका अभ्यासात दुकानदारांना वाटत होतं की सुमारे २२ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात; प्रत्यक्षात ती ७ टक्क्यांच्या आसपास होती. पुणं बर्लिन नाही, इथे दुचाकी आहेत, आकडे वेगळे येतील. मग ते इथे मोजावेत. ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा केला. रस्ता माणसांनी फुलला होता. अशा दिवशी दुकानांच्या गल्ल्यात काय जमलं याची नोंद ठेवली, तर पुढच्या बैठकीत अंदाजाऐवजी आकडा ठेवता येईल.

रस्ताच अरुंद आहे, मोटारींची गर्दी वाढेल, हा दुसरा आक्षेप. दिल्ली आयआयटीच्या गीतम तिवारी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं एक मुद्दा मांडत आले आहेत: भारतातल्या शहरांत सायकलवाले रस्त्याच्या डाव्या भागातून जातच असतात, मार्ग असो वा नसो. म्हणजे तो भाग मोटारींना पुरता मिळतच नाही. बस तिथे येते, अडते, उजवीकडे सरकते. सायकलींना त्यांची जागा बांधून दिली तर उरलेला रस्ता मोटारींसाठीही सुरळीत होतो. आणि क्षमतेचंच बोलायचं तर तीन मीटर रुंदीच्या पट्टीतून तासाला मोटारींनी जास्तीत जास्त दीडेक हजार माणसं जातात, तेवढ्याच रुंदीच्या सायकल मार्गावरून साडेसात हजारांपर्यंत जाऊ शकतात, असा अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा हिशेब आहे.

*

पुण्याशी तुलना करायला ॲमस्टरडॅम घेतलं की लोक लगेच म्हणतात, ते वेगळे लोक, ती थंड हवा. तेही पूर्ण खरं नाही. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती, आणि आईबाप रस्त्यावर उतरले म्हणून तो देश वळला. पण ते असो. आपल्याला जास्त जवळचं आहे ते स्पेनमधलं सेव्हिया. सात लाखांच्या आसपास वस्ती, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार, मध्ययुगीन बोळांचं जुनं गाव आणि ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुकांनी भरून जाणारे रस्ते. शतकाच्या सुरुवातीला तिथे सायकलने होणारे प्रवास अर्धा टक्का होते. ‘आ कोन्त्रामानो’ ही सायकलस्वारांची संघटना १९८७पासून मागणी करत होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

२००६मध्ये तिथल्या पालिकेने काम हाती घेतलं आणि एक गोष्ट अशी केली जी मला फार मोलाची वाटते. एकेक तुकडा करत बसले नाहीत. साधारण ऐंशी किलोमीटरचं जोडलेलं जाळं वर्ष-दीड वर्षात एकदमच उभं केलं. नियोजनकार मान्वेल काल्वो यांच्या आखणीत मार्ग मुद्दाम दुहेरी आणि एकाच बाजूला ठेवलेला होता, अडीच मीटर रुंद, हिरवा, मोटारींपासून कठड्याने तोडलेला. जागा कुठून आली? काही हजार पार्किंगच्या जागा काढून. खर्च सुमारे ३.२ कोटी युरो, म्हणजे पाच-सहा किलोमीटर महामार्गाइतका. मार्ग पुरे होत असतानाच, २००७मध्ये, पालिकेच्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. काही वर्षांत सायकल प्रवासाचा वाटा सहा टक्क्यांच्या वर गेला, दिवसाला सत्तर हजारांच्या आसपास फेऱ्या होऊ लागल्या.

आपण तुकड्या-तुकड्यांनी केलं. या रस्त्याला निधी आहे, त्या प्रभागात मागणी आहे, म्हणून इथे चारशे मीटर, तिथे सहाशे. दोन्हींच्या मध्ये काही नाही. दोन किलोमीटरच्या वाटेत दोनशे मीटर तुटले की सगळी वाट वापरात येत नाही, कारण आई मुलाला शाळेत सायकलने पाठवायचं की नाही हे त्या दोनशे मीटरांवरून ठरवते. वर्षभराने मग कोणीतरी पाहणी करतं, पट्ट्यावर सायकली दिसत नाहीत, आणि पुणेकरांना सायकल नकोच असा निष्कर्ष निघतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल मार्गावर हेच झालं. बांधला, गाड्या लागू लागल्या, वापर नाही म्हणून तो काढायची भाषा सुरू झाली.

राज्य शासन मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलसाठी पैसे देतं. गावाबाहेरच्या शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलींचे घोळके सकाळी पाहिले की ही योजना किती अचूक आहे ते कळतं. मुलीच्या शिक्षणासाठी सायकल लागते हे ज्या राज्याला कळलं, त्याच राज्याच्या शहरांत सातवीतली मुलगी रिक्षात कोंबून शाळेत जाते, आणि तिचे आईवडील धास्तावलेले असतात हे त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

*

पेठांतल्या प्रत्येक रस्त्यावर वेगळा मार्ग बांधा असं मी म्हणणार नाही. कसब्यातल्या किंवा सदाशिवातल्या आतल्या गल्ल्यांत त्याला जागाही नाही आणि तिथे तो लागतही नाही. तिथे वेग वीस-तीसच्या आत ठेवला, दोन-चार ठिकाणी आरपार जाणारी वाहतूक अडवली, की सायकल आणि चालणारा माणूस दोघेही निर्धास्त होतात. एकेरी वाहतुकीचा प्रश्न मात्र सोडवावा लागेल. शिवाजी रोड एका दिशेने, बाजीराव रोड दुसऱ्या. मोटारीला हा वळसा काही नाही, पाय मारणाऱ्याला आहे. म्हणून सायकलवाले उलट्या दिशेने येतात आणि शिव्या खातात. फ्रान्सने २००८च्या नियमाने ताशी तीस किलोमीटरच्या हद्दीतल्या एकेरी रस्त्यांवर सायकलींना दोन्ही दिशा मोकळ्या केल्या. जिथे ते धोक्याचं असेल तिथेच मनाई. इथे रहदारी जास्त म्हणून नुसती मुभा पुरणार नाही, उलट्या दिशेची वेगळी पट्टी आखून, कठडा घालून द्यावी लागेल.

कठडा म्हटला की गणपती आठवला पाहिजे. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्ता हे विसर्जनाचे चार मुख्य रस्ते. रस्त्यात पक्के खांब रोवले तर मंडळांचे कार्यकर्ते ते उपटतील आणि त्यांचं बरोबरच असेल. तेव्हा पेठांमध्ये खांब काढता-घालता येणारे हवेत, जमिनीत सॉकेट असलेले, भाद्रपदात काढून आश्विनात पुन्हा बसवायचे. गणेशोत्सवाच्या संध्याकाळी हेच रस्ते वाहनांना बंद असतात आणि दहा दिवस शहर त्याची सवय करून घेतं. पोलीस, मंडळं, व्यापारी, बस, सगळे मिळून. ही कामाची मोठी शिदोरी आहे, फक्त ती रस्त्यांच्या आराखड्यात कधी वापरली गेलेली नाही.

आणि एक अडचण अशी आहे जिला युरोपातून तयार उत्तर मिळत नाही. सायकल जिथून जाते तिथून स्कूटरही जाते. खांब जवळ आणले तर मालवाहू सायकल आणि अपंगांची तीनचाकी अडकते, लांब ठेवले तर ॲक्टिव्हा शिरते. पुण्यात कित्येक ठिकाणी खांब इतके जवळ आहेत की सायकलवाल्याला उतरावं लागतं, आणि तरी पुढच्या फाटकातून दुचाकी आत येतेच. मला याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर दिसत नाही. जे दिसतं ते असं: सुरुवातीचे काही महिने चौकाचौकात माणूस उभा करून दंड घ्यायचा, कॅमेऱ्याने नंबर टिपायचा, आणि मार्गावर सायकली लवकर भराव्यात म्हणून तो शाळा-कॉलेजं जोडणाराच निवडायचा. पट्टी रिकामी दिसली की स्कूटरवाल्याला मोह होतो. तिथे मुलांच्या सायकली एकामागून एक चालल्या असल्या तर तो शिरायला कचरतो.

म्हणून सुरुवात टिळक रस्त्यावरून करावी असं मला वाटतं. अलका टॉकीजच्या चौकापासून स्वारगेटपर्यंत दोनेक किलोमीटर, सपाट. साहित्य परिषद, टिळक स्मारक मंदिर, न्यू इंग्लिश स्कूल, स. प. महाविद्यालय, सगळं या एकाच रस्त्यावर. सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो आली आहे. दुसऱ्या टोकाला नदीपलीकडे डेक्कनचं मेट्रो स्थानक. मेट्रोतून उतरून पेठेत जायला रिक्षा न परवडणाऱ्या माणसाला सायकल हा सरळ उपाय आहे. एका बाजूचं पार्किंग पूर्ण काढायचं, दुसऱ्या बाजूचं पैसे घेऊन ठेवायचं. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हासारखे वाहनतळ आहेत, तिथे दुकानांतल्या कामगारांना महिन्याचा स्वस्त पास द्यायचा. मार्ग आधी प्लास्टिकचे खांब आणि रंगाने आखायचा, कायमचं बांधकाम करायचं नाही, म्हणजे चुकलं तर सरकवता येईल. पण टोकापासून टोकापर्यंत एकदम आखायचा, आणि मधले चौक आधी दुरुस्त करायचे.

आणि त्याही आधी मोजणी. टिळक रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी किती वाहनं जातात हे वाहतूक शाखा मोजतेच. त्याच्या जोडीला न्यू इंग्लिश स्कूलच्या फाटकाशी किती मुलं सायकलवर येतात, किती सायकली उलट्या दिशेने येतात, किती बायका चालवतात, कोणत्या दुकानापुढे कोणती गाडी किती तास उभी असते, हेही कागदावर घ्यायचं. मार्ग आखल्यावर सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही कागद टिळक रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांच्या, पालकांच्या आणि सायकलवरून कामाला येणाऱ्यांच्या एकत्र बैठकीत ठेवायचे. त्या बैठकीला रंगाऱ्यालाही बोलवायचं, आणि ती त्याला जमेल अशा वेळी, रात्री आठनंतर घ्यायची.